नवव्या गाण्यातलं हसू

मुलगी भिंगरी गेल्यावर गाणाऱ्याने वर्षभरात नऊ गाण्यांचा रॉक अल्बम केला. पहिल्या गाण्यात तिला ताप येतो, आठव्यात ती जाते आणि नवव्यात शब्दच नाहीत; नुसती गिटार आणि शेवटी तिचं हसू. दवाखान्यात आईने फोनवर टिपलेलं, खरं हसू. टिपल्यापासून ते ऐकायची हिंमत आईला स्वतःला कधी झाली नव्हती. पण अल्बममध्ये ते राहायलाच हवं, असा तिने हट्ट धरला होता. भिंगरी आता कुठे उरणार असेल तर तिथेच, असं तिला वाटायचं.

अल्बम बाजारात आणण्याआधी कंपनीने काही श्रोत्यांना बोलावून तो ऐकवला आणि मतं विचारली. फुकटचं मत द्यायला माणसं एका पायावर तयार असतात. गाणी संपेपर्यंत आई बाहेर थांबली, मग हळूच मागच्या खुर्चीवर येऊन बसली. ती कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"काळीज पिळवटून निघतं, पण थांबवावंसं वाटत नाही," एक जण म्हणाला.

"मुलगी चौथ्या गाण्यातच गेली असती, तर पुढे इतका कंटाळा आला नसता," असं एका बाईंनी सुचवलं आणि बशीतलं बिस्किट उचललं.

हसण्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत झालं. "ते शेवटचं हसणं खोटं वाटतं हो. ओढूनताणून आणलेलं. सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं त्याने."

झालं. गाणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी डबिंग करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या बाई. कार्टूनमधली पोरं त्यांच्याच गळ्यातून बोलायची. माइकपुढे त्या खळखळून हसल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि निघून गेल्या.

आई चवताळली. "माझ्या पोरीच्या जागी ती बाई हसणार?"

"चिडू नकोस. दोन्ही ऐकवतो, कुठलं कुणाचं ते सांगत नाही," नवरा म्हणाला. "तू आई आहेस तिची. तू म्हणशील भिंगरीचं, तेच ठेवू."

पोटच्या पोरीचं हसू ओळखायला कसली आलीय परीक्षा, म्हणून ती बसली. रेकॉर्डिस्टने एकामागून एक दोन्ही लावली. दुसरं सुरू होताच तिचे डोळे भरून आले.

"हेच. हीच माझी भिंगरी."

रेकॉर्डिस्ट उगीचच वायर गुंडाळू लागला. नवऱ्यानेही गप्प बसायला हवं होतं, पण जिंकलेल्या माणसाला कुठलं गप्प बसवतंय?

"ते डबिंगवाल्या बाईंचं आहे," तो म्हणाला.

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "पहिलं परत लावा."

कोरड्या घशातून निघालेलं, मध्येच धाप लागून थांबलेलं आणि पुन्हा सुरू केलेलं हसू. त्या दिवशी खाटेपाशी फोन धरून तीच म्हणाली होती, "हस बघू जरा. आईसाठी." पोरीच्या अंगात त्राण नव्हतं. आईचं मन राखायला तिने कसंबसं ते हसू काढलं होतं, आणि आई निर्धास्त होऊन चहा प्यायला खाली गेली होती.

"मग? हेच ठेवायचं का?" नवऱ्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "खोटं आहे ते."