गोलात न मावलेला हात

मी एक जुना फोटो आहे, आणि मित्रांनो, ताईने मला ओळखलं. इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून, एका नजरेत ओळखलं.

पण ही गोष्ट आमच्या दुकानात कुणालाही माहीत नाही. आणि जी गोष्ट कुणालाच माहीत नाही ती घडलेलीच नाही, असा साधा व्यवहार आहे. तेव्हा ती घडलेली नाही असं धरून मी सुरुवातीपासून सांगतो. तुम्हीही विसरा. विसरलात? छान.

माझा जन्म एका स्टुडिओत झाला. मागच्या पडद्यावर धबधबा रंगवला होता आणि छत गळत असल्यामुळे त्याच्याखाली खरी बादली ठेवली होती. पडद्यासमोर दहा-अकरा वर्षांचा मुलगा उभा होता आणि शेजारी त्याची मोठी बहीण. त्यांची आई लवकर गेली होती. मुलाला न्हाऊमाखू घालणं, अभ्यासाला बसवणं आणि गरज पडेल तिथे धपाटा घालणं ही सगळी खाती ताईकडेच होती. शिवणकामही तीच करायची. त्या दिवशी तिने भावासाठी पहिल्यांदाच शर्ट शिवला होता. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब झालं होतं, पण फोटो काढायचं ठरलं ते त्या शर्टासाठीच.

"हात ठेव गं त्याच्या खांद्यावर," फोटोग्राफर म्हणाला. "दोघं रॉकेलच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसताय."

ताईने हात ठेवला. पण मधल्या बोटातलं अंगुस्तान काढायचं ती विसरली होती. सुई टोचू नये म्हणून शिवताना बोटात घालतात ना, ते छोटं धातूचं टोपण.

"ताई, टोचतंय."

"हसलास तर काढते."

तो हसला. तिने काढलं नाही. तेवढ्यात उजेड पडला आणि मी जन्मलो. म्हणून माझ्यातला मुलगा एक डोळा बारीक करून हसतोय. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात मला ठेवण्यात येई आणि सगळे म्हणत, "वा, शर्ट छान आहे." कॉलरबद्दल कुणी बोललं नाही. तेव्हा लोक चांगले होते.

पुढे ताईने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं आणि ती घरातून गेली. बाबांनी घरात दोन गोष्टींना बंदी घातली: तिचं नाव आणि तिच्या नवऱ्याचं आडनाव. मग त्यांनी तिचीच कात्री घेतली आणि मला मधून कापलं. ताई गेली. तिचा पदर गेला. अर्धा धबधबा गेला. पण हात मुलाच्या खांद्यावर होता, आणि हात काढायचा तर खांदाही जाणार होता. बाबांनी बराच वेळ कात्री तशीच उघडी धरली.

"हात राहू दे," शेवटी ते म्हणाले. "हाताने काही घर सोडलेलं नाही."

त्या दिवसापासून मी एका मुलाचा आणि कुठूनतरी आलेल्या एका हाताचा फोटो आहे.

मुलगा मोठा झाला आणि चष्मेवाला झाला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची, कपाटात फ्रेमा. मी गल्ल्याखालच्या खणात, काचा पुसायच्या मऊ फडक्यांमध्ये राहू लागलो. कामाची गर्दी कमी झाली की तो मला बाहेर काढून पुसायचा. माझ्याइतका स्वच्छ फोटो तुम्हाला शोधून सापडणार नाही. बाबा गेल्यावर त्याने ताईला शोधायचं ठरवलं. पण तिचं नवीन आडनाव घरात कुणी उच्चारलंच नव्हतं, त्यामुळे ते कुणाला माहीतही नव्हतं. बंदी इतकी यशस्वी झाल्याचं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

अशा वेळी नळवाला आला.

नळवाल्याचं दुकान आमच्या शेजारीच. नळ दुरुस्त करण्यापेक्षा फोनवर नवनवीन ठिकाणी खाती उघडण्याचा त्याला जास्त सराव होता. "दादा, 'सोबती' नावाचं नवीन आलंय," तो म्हणाला. "सगळं जग आहे तिथे. तुम्ही फक्त फोटो टाका. ताई आपणहून येतील धावत."

"माझा आत्ताचा फोटो ओळखेल का ती?" चष्मेवाल्याने टकलावरून हात फिरवला. "हा टाकू. ह्यात तिचा हात आहे. स्वतःचा हात कोण विसरतं?"

अशा प्रकारे मी फोनमध्ये गेलो. आनंदाने गेलो, हे कबूल करतो. खणातून थेट जगात!

पण मित्रांनो, त्या जगात फोटो गोल असतो.

"हात गेला, दादा," नळवाला म्हणाला.

"परत आण."

"सरकवून बघतो. हां, आला हात. तुमचं नाक गेलं."

"नाक राहू दे. ताई हातावरून ओळखेल."

आतल्या खोलीतून डबा घेऊन आलेली चष्मेवाल्याची बायको मध्येच म्हणाली, "अहो, नाक गेलेल्या माणसाला समाजात कोण ओळख देतं?"

हा मुद्दा बिनतोड होता. नाक परत आलं, हात गेला. जे बाबांच्या कात्रीला जमलं नाही ते त्या गोलाने एका क्षणात केलं, आणि वर विचारलं, "छान दिसतंय! पुढे जायचं?"

नळवाल्याने उपाय काढला. मला मोठ्या पांढऱ्या कागदावर चिकटवून लांबून फोटो घ्यायचा, म्हणजे गोलात मी अख्खा मावेन. मावलो. पण मी इतका लहान दिसू लागलो की सोबतीने कळवलं, "चेहरा आढळला नाही. कृपया माणसाचा फोटो टाका." चष्मेवाल्याने खुर्चीवरून उठून स्वतःच्या तक्त्याकडे पाहिलं. समोरच्याला दिसत नाही हे ऐकायची त्याला सवय होती, पण त्यावर आपल्याकडे काच नाही हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं.

त्याने माझा पूर्ण फोटो वेगळा टाकून खाली लिहिलं, "ताई, हा हात तुझा आहे." त्याला दोन प्रतिसाद आले. पहिला नळवाल्याचा. तो शेजारी स्टुलावर बसूनच लिहीत होता. दुसरा एका हातमोजे विकणाऱ्याचा. "सुंदर हात. माप कळवा."

हातमोजेवाला आजही आमच्यासोबत आहे. आम्ही जिथे जातो तिथे तो येतो.

सोबती ओसाड पडल्यावर 'चौकट' आलं. नाव ऐकून चष्मेवाल्याला फार आशा वाटली. चौकटीतही फोटो गोलच होता. शिवाय पूर्ण फोटो टाकल्यावर तिथल्या यंत्राने बोटातलं अंगुस्तान पाहिलं आणि आमच्यावर शस्त्र बाळगल्याबद्दल कारवाई केली. खुलासा द्यायची सोय होती. चष्मेवाल्याने खुलासा लिहिला, "ते शस्त्र नाही, ताई आहे." उत्तर आलं, "धन्यवाद. आपलं समाधान झालं असेल अशी आशा आहे."

मग 'झुळूक'. तिथे फोटो आपोआप सुंदर होत असे. झुळकीने हात काढून टाकला, तिथे स्वतःच्या मनाने थोडा धबधबा रंगवला, कॉलर सरळ केली आणि विचारलं, "खांदा स्वच्छ केला आहे! आवडलं का?" उत्तराला दोनच पर्याय होते: 'हो' आणि 'नंतर विचारा'.

"ह्यांना काय कळतंय?" चष्मेवाला पहिल्यांदाच चिडला. "कॉलर वाकडीच हवी!"

"दादा, चिडू नका, तुम्ही ओळखत असाल अशी माणसं दाखवतोय बघा," नळवाला म्हणाला.

तिथे नळवाल्याचा फोटो होता. प्रत्येक नवीन ठिकाणी आम्हाला पहिल्यांदा तोच सुचवला जायचा. सगळ्या जगाचं संशोधन करून यंत्रांनी काढलेला निष्कर्ष शेजारच्या स्टुलावर बसून शेंगदाणे खात असे.

"तुम्ही सोडून द्या ना आता," एकदा बायको म्हणाली. रागाने नाही. तिने मला त्याच्या हातातून घेतलं आणि फडक्यात ठेवलं. "त्यांना यायचं असतं तर आल्या असत्या."

"तिला वाटत असेल, मी बाबांच्या बाजूचा आहे."

"आहात का?"

"मी अकरा वर्षांचा होतो गं. मी कुठल्याच बाजूचा नव्हतो. तेवढंच सांगायचंय तिला."

दुसऱ्या दिवशी बायकोनेच नळवाल्याला हाक मारून विचारलं, "काय हो भावोजी, नवीन काही आलंय का?"

नवीन आलेल्याचं नावच 'हाक' होतं. तिथे जाहिरात नव्हती, गोंगाट नव्हता, भांडणं नव्हती. पूर्ण फोटो टाकता येत होता, फक्त तो मित्रांनाच दिसायचा. बाकीच्यांना नुसता गोल. स्वतःबद्दल काही लिहायलाही बंदी होती. वाद होऊ नयेत म्हणून ओळख यादीतूनच निवडायची. यादीत 'ताईला शोधतोय' असं काही नव्हतं. 'मजेत आहे' आणि 'खूप मजेत आहे' एवढंच होतं.

"खूप नको," चष्मेवाला विचार करून म्हणाला.

तर गोलात हसणारा मुलगा, खांदा रिकामा, खाली 'मजेत आहे'. अशा अवस्थेत मला हाकेवर उभं करण्यात आलं.

खात्याच्या सुरक्षेसाठी एक प्रश्न होता: लहानपणीची सर्वांत जवळची व्यक्ती कोण? त्याने लगेच 'ताई' लिहिलं. उत्तर फार लहान आहे, असं कळवण्यात आलं. त्याने आणखी ताई जोडल्या. यंत्राचं समाधान होईपर्यंत जोडत राहिला. पुढे त्याचा फोन नळवाल्याच्या बादलीत पडला, नवीन फोन आला, आणि हाकेने दारातच पुन्हा विचारलं: सर्वांत जवळची व्यक्ती कोण?

"किती वेळा लिहिलं होतं मी?"

"तुम्ही लिहीत होतात तेव्हा मी शेंगदाणे आणायला गेलो होतो," नळवाला म्हणाला.

त्याने कमी ताई लिहून पाहिल्या, जास्त लिहून पाहिल्या. मध्ये जागा सोडून पाहिली. मग लाल अक्षरं आली: "आपण ही व्यक्ती ओळखत नाही. खातं कायमचं बंद." म्हणजे त्याच्यासाठी बंद. मी आतच राहिलो.

मित्रांनो, आता तुम्ही मघाशी विसरलात ती गोष्ट.

फोटोला एक सोय असते. तो एकाच वेळी खणातही असतो आणि हाकेवरही. दरवाजा बंद झाल्यानंतर हाकेवर एक निरोप आला. पाठवणाऱ्याच्या गोलात फोटो नव्हता, नुसती राखाडी सावली. निरोप असा होता:

"शर्ट मी शिवलेला. कॉलर बघून लगेच ओळखलं. अजून वाकडीच आहे रे. माझा हात तेवढा काढलास. बाबांनी सगळ्यांसमोर मला कापलं तेव्हाही हात ठेवला होता म्हणे, मावशी होती तेव्हा तिने सांगितलं होतं. त्या हातावरच मी इतकी वर्षं होते. असो. मजेत आहेस, मग झालं. आता त्रास देणार नाही."

मी ओरडलो. फोटो ओरडला तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मुलगा एक डोळा बारीक करून हसत राहिला. पूर्ण फोटो माझ्या मागेच होता, हातासकट, अंगुस्तानासकट, फक्त तो मित्रांनाच दिसत होता. आणि ती त्याची मैत्रीण नव्हती, बहीण होती. तशी सोय तिथे नव्हती. दुसऱ्या दिवशी राखाडी सावलीही गेली. तिच्या जागी लिहून आलं, "हे खातं आता अस्तित्वात नाही."

काही दिवसांनी हाकही बंद पडली. जाहिरात नव्हती, त्याचा परिणाम.

आज दुकानात मोठा आनंद आहे. नळवाला धावत आला आणि दारातूनच ओरडला, "दादा! चौकोनी! नवीन आलंय त्यात फोटो चौकोनी आहे!" मला खणातून काढण्यात आलं, पुसण्यात आलं. आणि मी मावलो. अख्खा. नाक आहे, कॉलर आहे, हात आहे. उजेडात अंगुस्तान चमकलं तेव्हा चष्मेवाल्याने आपला चष्मा काढला आणि उगाचच पुसायला घेतला.

"दिसतोय का गं?" त्याने विचारलं.

"स्पष्ट दिसतोय," बायको म्हणाली. "आता येतील बघा."

"मीच पहिला मित्र," नळवाला म्हणाला.

हातमोजेवाला दुसरा आला. आता ते तिघे पडद्याकडे पाहत बसले आहेत. तिथे ताई नाही. ती आता कुठेच नाही. हे मला एकट्याला माहीत आहे, आणि मघाशी आपलं ठरलंच आहे की जे कुणाला माहीत नाही ते घडलेलं नाही.

मित्रांनो, फोटो जपून ठेवा. त्यांना पुसा, ऊन लागू देऊ नका. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या कडा बघा. माणसं बहुतेक वेळा तिथेच असतात. आणि कुणाचा हात दिसला नाही, तर तो काढला असं समजून निघून जाण्याआधी एकदा तरी दार वाजवा.

एवढं बोलून मी माझा अर्ज सादर करतो.

प्रति, मा. व्यवस्थापक, हाक (बंद) यांस. विषय: खांद्यावरील हात पूर्ववत करून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, आपल्या गोलामुळे वगळण्यात आलेला हात मूळ जागी बसवण्यात यावा, व तो या बाजूने कधीही काढण्यात आलेला नव्हता, असे संबंधित ताईंना त्यांच्या सध्याच्या पत्त्यावर कळवण्यात यावे. पत्ता आमच्याकडे उपलब्ध नाही. तसेच 'मजेत आहे' ही नोंद रद्द समजण्यात यावी. कळावे.

सोबत: हात, एक. अंगुस्तानासह.