चंद्रीचं रेडकू

शालूकाकूंनी पेंढा भरलेलं रेडकू चंद्रीच्या तोंडापुढे ठेवलं आणि ती ते चाटायला लागली. खरं रेडकू मागेच मेलं होतं. काकूंनी त्याचंच कातडं वाळवून, आत पेंढा कोंबून शिवलं होतं. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. तरी चंद्रीला पान्हा फुटला आणि चरवीत धार वाजायला लागली.

मी त्यांच्या शेजारची, दहावीतली, शाळेच्या परिपाठात खणखणीत बातम्या वाचणारी. मला विचारल्याशिवाय राहवतंय कुठलं?

"काकू, हिला कळत न्हाई व्हय?"

"कळतंय की. पर वास त्येचाच हाय न्हवं."

गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि समोर पिळलेलं दूध लोक फेसासकट पितात. त्या दिवशी मात्र ग्लासांपेक्षा मोबाइलच जास्त होते हातात. युद्ध पेटलं होतं. काकूंचा थोरला, कृष्णातदादा, सीमेवर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बातमीवाला ओरडत होता. शत्रूचं बंदर जळून खाक, आपल्या एकाही जवानाला खरचटलं नाही. कट्टाभर शिट्ट्या पडल्या. माझी सगळ्यांत मोठी.

काकूंचे हात थांबले. "पावणं, ते पुन्हा लावा."

त्याने जळतं बंदर लावलं.

"जाळ नगं मला. आपलं कुणी न्हाई म्हनला, तेवढंच लावा."

तेवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं. मग जे हसू फुटलं त्यांना! त्या दिवशी सगळ्यांना दूध फुकट. एकजण म्हणाला, असलं युद्ध रोज होऊ दे मावशी, तर त्यावरही हसल्या.

तेवढ्यात धाकटा यशराज वैरणीचा भारा घेऊन आला. भरतीला जायचं म्हणून तो वर्षभर मागे लागला होता आणि काकूंचं एकच उत्तर असायचं, एक दिलाय, बास. पण गडी हुशार. आईचा चेहरा बघून त्याने चारचौघांत पुन्हा विचारलं.

काकूंनी पदराला हात पुसले आणि त्याच्या डोक्यावर ठेवले. "जा. तिकडं आपलं कुणी मरत न्हाई."

टाळ्या पडल्या.

कृष्णातदादा त्या दिवसाच्या आदल्याच रात्री गेला होता. आम्हाला ते कळलं लष्कराची गाडी गल्लीत आली तेव्हा.

मग चौकाचौकात दादाचे दाराएवढे फ्लेक्स लागले. श्रद्धांजलीच्या सभेत एक पुढारी माइकवर म्हणाला, या माउलीने दुसराही मुलगा देशाला दिलाय. मी स्टेजला टेकूनच उभी होते. काकू मान हलवत होत्या, "न्हाई, त्यो नगं" म्हणत होत्या. पण घोषणा सुरू झाल्या, आणि त्यांत सगळ्यांत मोठा आवाज यशराजचा.

घरी आल्यावर काकूंनी त्याचा सदरा धरला. "त्यो बातमीवाला खोटं बोलला रं."

"दादाला त्यांनी मारलंय, बातमीवाल्यानं न्हवं," यशराज म्हणाला. "आन् जा म्हणून तूच बोललीस की."

काकूंनी सदरा सोडला.

काही दिवसांनी दादाची ट्रंक आली. वर घडी घातलेला गणवेश होता. काकूंनी तो नाकाशी नेला. कॉलर हुंगली, बगल हुंगली, उलटा करून पुन्हा हुंगला.

"कुणी धुतला गं ह्यो?" त्यांनी मला विचारलं. "साबणाचाच वास येतोय."

यशराज भरतीला गेला त्या संध्याकाळी काकू चंद्रीला घेऊन कट्ट्यावर आल्या. आता लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे, पैसे दोन्ही हातांनी द्यायचे. काकू खाली बसल्या, चरवी गुडघ्यांत धरली आणि कासेला हात लावला. चंद्रीने मान वळवून पुढ्यातली फरशी हुंगली. मग मागची. मग हंबरली. सडातून थेंब येईना.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "काकू, रेडकू घरी राहिलं. पळत जाऊन आणते."

"राहिलं न्हाई. ठिवलंय."

"अवो, पर लोक थांबल्यात."

"थांबू द्यात," काकू म्हणाल्या. "हुडकू दे तिला."

गिऱ्हाइकं रिकामे ग्लास ठेवून एकेक करून निघून गेली. काकू रिकामी चरवी धरून तशाच बसून होत्या. चंद्री हंबरली की तेवढा तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या.