गादीवर बसलीय

पुण्यातली नोकरी सोडून अक्षरा लातूरला घरी आली, तेव्हा स्वतःचा डिझाइनचा धंदा मांडायला जे जे लागतं ते तिनं गोळा केलं होतं. लॅपटॉप, चित्रं काढायचा टॅबलेट, रंगांचं जाडजूड शेडकार्ड, पैसे मोजून घेतलेले मराठी फॉन्ट. लाईट गेली तर काम अडायला नको म्हणून इन्व्हर्टरही बसवला. राहता राहिली खुर्ची, ती अप्पांनी आणली. काळी, चाकांची, वरखाली होणारी. आणली खरी, पण "घरात बसून कसला धंदा गं," हेही जाता जाता बोललेच.

एवढा सरंजाम असून काम काही होईना. कारण घराच्या लेखी अक्षरा घरीच होती, आणि घरी असलेली पोरगी रिकामीच असते, याबद्दल केवळाआत्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. उदगीरहून चार दिवस म्हणून आलेली, ती इथलीच झालेली. आवाज असा, की इथं हाक मारली तर पार गंजगोलाईच्या बाजारात कुणीतरी वळून बघावं.

"अक्षरे, दूध बघ गं!"

"अक्षरे, चित्रंच काढून राहिलीस न्हवं? मग जरा मेथी निवड."

अक्षराची आई महानंदा, म्हणजे अव्वा, मध्ये पडायची. "करू द्या की वन्सं तिला काम." आणि थोड्या वेळानं तीच सुई-दोरा घेऊन यायची, ओवून दे म्हणून. दाराला आतून कडी लावावी, तर पोरीला चक्कर आली की काय म्हणून आत्या दार बडवायची. सगळी मायेचीच माणसं. भांडावं तरी कुणाशी?

अशात नांदेडचे अमरनाथ हे पहिलं गिऱ्हाईक मिळालं. ते लाकडी घाण्यावर करडईचं तेल काढायचे आणि त्यांना बाटलीसाठी लेबल हवं होतं. पहिल्याच व्हिडिओ कॉलला आत्या मेथीची जुडी घेऊन अक्षराच्या मागं येऊन उभी राहिली. स्क्रीनवरच्या अमरनाथांना तिनं नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "ह्ये स्थळ लई वयाचं हाय गं!"

अमरनाथ हसले नाहीत. "मॅडम, तुमचं ऑफिस न्हाई का? शुक्रवारी अकराला एकदा निवांत बोलू. जमलं तर जमलं, न्हाई तर मी इथंच कुणीतरी बघतो."

हे काम गेलं तर पुन्हा पुणं, पुन्हा तीच नोकरी, आणि अप्पांचं "मी म्हणलंच होतं."

शुक्रवार उजाडला. अक्षरा सगळं मांडून खुर्चीवर बसली, तर खुर्चीनं फुस्स केलं आणि ती जी खाली गेली ती वर येईना. टेबलाच्या कडेवर अक्षराचं नुसतं नाक दिसायला लागलं. अप्पांनी खुर्ची उचलली, ऑटोत टाकली आणि ते दुकानदाराशी भांडायला निघून गेले.

आता बसायचं कशावर? घरभर बघताना तिचं लक्ष माळ्यावर गेलं. तिथं अप्पांची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

अप्पांची बाजारात आडत. शेतकऱ्यांची तूर, सोयाबीन विकून द्यायची. दुकानात काचेची केबिन होईपर्यंत अप्पा याच गादीवर बसले, लोडाला टेकून, पांढऱ्याशुभ्र अभ्र्यावर. दिवाळीत तिची पूजा व्हायची. चपला घालून कुणी जवळ यायचं नाही, आणि गादीवर बसलेल्या माणसाला घरच्या कामाला उठवायचं नाही, हा या घरातला कायदा. अक्षरा जन्मली तेव्हा ती बातमी घेऊन गेलेला माणूससुद्धा सौदा होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर मुकाट बसून राहिला होता.

पण तेव्हा अक्षराला यातलं काही सुचलं नाही. तिला फक्त बूड टेकायला जागा हवी होती. तिनं गादी खाली ओढली, पाठीशी लोड लावला, पुढं चौरंगावर लॅपटॉप ठेवला आणि बसली. अप्पांना विचारायचं राहूनच गेलं.

अमरनाथ बरोबर अकराला स्क्रीनवर आले. "हा पिवळा जरा फिका वाटून राहिलाय," ते म्हणाले. अक्षरानं शेडकार्ड उघडून कॅमेऱ्यापुढं धरलं. "आता हा बघा. करडई ऐन फुलात असते तेव्हाचा."

तेवढ्यात दार उघडलं. आत्या! हाक मारायला तोंड उघडलेलंच होतं. आता गादीवरूनही बोलणी बसणार, तीही अमरनाथांच्या देखत.

आत्यानं गादी बघितली. गादीवरची अक्षरा बघितली. उघडलेलं तोंड मिटलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दार हळूच ओढून घेतलं. बाहेर तिची कुजबुज ऐकू आली, आयुष्यातली बहुधा पहिलीच. "महानंदा, मिक्सर बंद कर. अक्षरा गादीवर बसलीय."

मिक्सर थांबला. पाठोपाठ टीव्हीही. सगळं घर असं गप्प झालं, की अक्षराला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. इतके दिवस ती जे मागत होती, ते माळ्यावर गुंडाळून पडलं होतं.

"हाच पिवळा," अमरनाथ म्हणाले. "लेबल छापायला टाका. आणि डब्याचंबी तुम्हीच करा, मॅडम."

कॉल संपला. लोडाला टेकून ती नुसती बसून राहिली, आणि मग उठून तिनं दार उघडलं.

बाहेर अप्पा उभे होते. बराच वेळ उभे असावेत. शेजारी बदलून आणलेली खुर्ची होती, तिच्यावर आत्या बसली होती आणि तोंडाला पदर लावून पायानं हळूहळू गोल फिरत होती. अक्षरा चाचरली. "अप्पा, न विचारताच गादी काढली…"

अप्पांनी एकदा गादीकडं बघितलं. पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. मग दुकानात इतर आडत्यांशी बोलतात त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "सौदा झाला का?"

"झाला, अप्पा," अक्षरा म्हणाली.

"मग यावं का आत?"