नाकाच्या शेंड्यावरचं पिवळं

सकाळी आठला, मिरजगावजवळच्या वस्तीवर, आक्काबाईचा आदल्या दिवशी जन्मलेला नातू उन्हात पिवळाधमक दिसला.

आधीचं पोर असंच पिवळं पडून हातचं गेलं होतं. आईचं रक्त निगेटिव्ह, पोराचं बापासारखं पॉझिटिव्ह, दोन्हींचं पटत नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. या खेपेला बाळ पिवळं दिसलं तर त्याचं रक्त बदलावं लागेल. निगेटिव्ह रक्ताचा माणूस हाताशी ठेवा.

तो माणूस म्हणजे सून साळूबाईचा भाऊ श्रीमंत. महिनाभर तो बहिणीकडं कोंबडीचा रस्सा ओरपत होता. थेंबभर रक्त वाया नको म्हणून आक्काबाई त्याला दाढीसुद्धा करू देत नव्हती.

आक्काबाईच्या लेकानं, कारभाऱ्यानं, जीप आणली. बाळाला न्हाऊ घालणारी शेजारची बनुबाईही घुसली.

"आक्का, माजं ऐक की—"

"बनू, तोंड मिट! पोराच्या जिवावर बेतलंय! श्रीमंता, हात आत घे, दारात चेंगरंल."

"मावशी, वाटंत च्या घिऊ का? रक्त पातळ झाल्यागत वाटतंय."

"रक्त न्हाई मेव्हणं, रस्सा उतरला आसंल," कारभारी म्हणाला.

"आक्का, अगं पर—"

"गप!"

नगरला डॉक्टरांनी बाळाच्या छातीवरून ओला कापूस फिरवला. कापूस पिवळा, छाती गुलाबी.

"अंघोळीला हळद कुणी चोळली?"

"म्या! वस्तीवरली समदी पोरं तशीच न्हात्यात," बनुबाई उसळली. "वाटभर त्येच सांगत हुते, पर ही बया बोलू दील तवा ना!"

कारभारी हसत भिंतीला टेकला. साळूबाई पोट धरून हसली. आक्काबाईनं बनुबाईला चिमटा काढला आणि लगेच मिठी मारली.

"मंजी आता म्या दाढी करू?" श्रीमंतानं विचारलं, तशी नर्सही हसली.

डॉक्टर बाळाला खिडकीशी घेऊन गेले होते. त्यांनी कापसानं नाक स्वच्छ पुसलं, शेंड्यावर बोट दाबून उचललं. पुन्हा दाबलं. दाबलेली जागा पिवळीच उमटत होती.

"हे मात्र पुसून जात नाही. थोडंच आहे. रक्त तपासायला पाठवतो. मामा, तुम्ही कुठं जाऊ नका."

दुपारी चारपर्यंत निकाल आला नव्हता. बाळ मधूनमधून आईला पीत होतं. येईल जाईल त्याला आक्काबाई बाळ खिडकीशी नेऊन विचारत होती, "तुमाला कसं दिसतंय?" श्रीमंत बाही वर करून बाकावर बसला होता. चहावाला दोनदा समोरून गेला. श्रीमंतानं त्याला हाक मारली नाही.