नऊ नंबरची निळी बाजू

"बघा, परत उलटली! कितीदा सरळ केली, तरी हिची आपली एकच खोड," सोमलता माझ्या तोंडावरून ओलं फडकं फिरवत पुटपुटली. "खारा वारा काय हिला एकटीलाच लागतो? बाकीच्या कशा गुपचूप बसतात. नाचायचं ते या नऊ नंबरनेच!"

मित्रांनो, जिच्या तोंडावरून ते फडकं फिरत होतं ती मी. मी एक जुनी फळी आहे. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मुहुदु हॉटेलची होड्यांची शेड आहे, तिथे दोन खिळ्यांवर लटकून मला एकोणीस वर्षं झाली.

मी मूळची होडीची. होडीचा मालक वारला आणि होडी वाळूत कुजत पडली. एक मीच तेवढी शाबूत राहिले होते. मालकाचा मुलगा निहाल या हॉटेलात कामाला लागला तेव्हा त्याने मला उचलून आणलं, रंधा मारला आणि बिस्किटांच्या डब्यांच्या झाकणांतून बारा चकत्या कापून माझ्यावर टांगल्या. प्रत्येक चकतीची एक बाजू निळी, एक पांढरी. दोन्हीकडे नंबर. त्याचा स्वतःचा नंबर नऊ, आणि त्या नऊची शेपटी त्याने उगीचच लांब काढली होती, मांजराच्या शेपटीसारखी.

माझं काम सोपं होतं. पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला नेणाऱ्या माणसाने पाण्यात उतरताना आपली चकती निळी करायची, परत आलं की पांढरी. संध्याकाळी पाच वाजता होड्यांचा मुकादम उपाली माझ्यासमोर उभा राहायचा आणि बारा पांढऱ्या मोजून मगच घरी जायचा. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे. एका बाईंनी तर माझं चित्र काढलं. तेव्हा मी जरा फुगलेही होते, खोटं कशाला बोलू?

पण माणसं विसरतात. पाण्यातून वर यायची आणि भाताच्या पुडक्यावर तुटून पडायची, चकती निळीच. मग मॅनेजरसाहेबांचा ओरडा बसू नये म्हणून दुसरा कोणीतरी जाता जाता ती फिरवून टाकायचा. या गोष्टीला ते सगळे 'सांभाळून घेणं' म्हणत. मला ते आवडायचं. वाटायचं, किती जीव लावतात एकमेकांना.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना, दुसऱ्या दिवशी आमच्या सिंहली नववर्षाचा सण. स्वयंपाकघरात तेलातली पक्वान्नं तळली जात होती, आणि जो तो बस पकडायच्या घाईत होता. सोमलता मुलीला घेऊन आधीच माहेरी गेली होती. तिचा नवरा सकाळच्या बसने मागून येणार होता. तिचा नवरा म्हणजे आपला निहालच.

शेवटचे पाहुणे चार वाजता परतले. निहालने चकती पांढरी केली. मग थोड्या वेळाने तो परत आला. हातात सुरी होती. कोळ्यांचं जाळं प्रवाळावर अडकलं की ते कापून सोडवायला तो असाच एकटा जायचा. शेडमध्ये कोणी नव्हतं. त्याने चकती निळी केली आणि गेला. सांगायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं.

पाच वाजता उपाली आला. ऊन अजून होतं. अकरा पांढऱ्या, एक निळी. तो हसला. "विसरला वाटतं आमचा लाडोबा," असं म्हणाला आणि बोटाने टिचकी मारली. चकती फिरली. बारा पांढऱ्या झाल्या. तो बसकडे पळाला.

मित्रांनो, मला तोंड नाही. मला फक्त दोन रंग आहेत, आणि तेही दुसऱ्याच्या बोटात.

निहाल सासरी पोचलाच नाही, आणि सण उरकल्यावर तिसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. पोलीस माझ्यासमोर उभे राहिले. "चकती पांढरी होती ना?" त्यांनी विचारलं. "होती, साहेब," उपाली म्हणाला. तो खोटं बोलला नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, "माणूस किनाऱ्यावर आला होता. पुढे कुठे गेला, ते आम्हाला काय माहीत?" त्याच आठवड्यात पलीकडच्या गावातून माणसं भरून एक बोट लपूनछपून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. झालं, गावाने निहालला त्या बोटीत बसवून दिलं.

नळावरच्या बायका सोमलताला विचारायच्या, "काय गं, फोन येतो का? की तिकडे कांगारूच उचलतो?" सोमलता घागर उचलून चालू लागायची. पोट भरायला ती याच हॉटेलात साफसफाईला लागली आणि मी तिच्या वाट्याला आले.

मग चकती उलटू लागली. वारा पडलेला असला तरी. सकाळी बघावं तर अकरा पांढऱ्या आणि नऊ नंबर निळा. सगळ्यांची पांढरी बाजू गंजली, त्याची निळी मात्र कालच रंगवल्यासारखी. जो कोणी जाई तो न बोलता ती पांढरी करून पुढे सरके. नवा माणूस आला की त्याला दुसरा नंबर मिळे. का, ते कोणी विचारत नसे.

तिसऱ्या वर्षी समुद्र इतका तापला की प्रवाळ पांढराफटक पडला. पाहुणे विचारायचे, "रंग कुठे गेले?" उपाली म्हणायचा, "आज पाणी गढूळ आहे हो, उद्या दिसतील." मला वाटायचं, खाली पाण्यातही कोणीतरी चकती फिरवून टाकली.

मित्रांनो, कोणावर माया असेल तर त्याची चकती फिरवू नका. त्याला हाक मारा. ओ येत नाही तोवर मारा. सांभाळणं म्हणजे ते. मी हे सांभाळून घेणाऱ्यांमध्ये एकोणीस वर्षं राहून सांगते आहे.

आता आजचं. चकती पांढरी करून सोमलता तिथेच बसली. उपाली चहा घेऊन आला.

"म्हातारी कशी आहे?" त्याने विचारलं.

"सासूबाई आजउद्याच्या आहेत, दादा. एकच धोशा लावलाय. मी मरायच्या आत माझ्या मुलाच्या नावाने दान दे म्हणतात."

आमच्याकडे माणूस गेला की सातव्या दिवशी भिक्षूंना जेवण देतात, मग तिसऱ्या महिन्यात, मग दर वर्षी. त्याचं पुण्य गेलेल्याला पोचतं. निहालच्या नावाने एकही पान वाढलं गेलं नव्हतं.

"मग दे की," उपाली कपात बघत म्हणाला.

"कशी देऊ? जित्या माणसाचं दान घालू? तो किनाऱ्यावर आला होता. मला टाकून गेला, पण आला होता. ही फळी सांगते ना! लेक विचारते, बाबांना आपण नको होतो का? तिला काय सांगू?"

 पानसुद्धा हलत नव्हतं. माझ्या खिळ्यावर टिक्क असा आवाज झाला आणि नऊ नंबर निळा झाला.

सवयीने उपालीचा हात वर आला. बोट चकतीला लागलं आणि तिथेच थांबलं. 

"करा की सरळ," सोमलता म्हणाली. "नेहमी करताच ना?"

"त्या दिवशीही मीच केली होती, सोमा," उपाली म्हणाला. "ती निळीच होती. निहाल पाण्यातून वर आलाच नव्हता."