झेंड्याची गाठ

माझी जीभ लई वाईट. मेलीनं पंधरा ऑगस्टला माझ्याच मानसाचा घात केला.

आमचं म्हातारं, नाव घेते, चुकलं तर चुकलं, रामहरी, पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळंत शिपाई हुतं. चाळीस वर्सं झेंडा त्यांनीच बांधला. आत फुलं ठिवून घडी घालायची, वरून अशी गाठ मारायची की दोरीला एक हिसका दिला की झेंडा खुलला पायजे. ती गाठ त्यांना मामंजींनी शिकवली. मामंजी बेचाळीसच्या चळवळीत विसापूरच्या तुरुंगात हुते, सुटून आले ते लंगडतच. सत्तेचाळीसला गावातला पयला झेंडा त्यांच्याच हातचा. म्हनून रिटायर झाल्यावरबी शाळा आमच्या यांनाच बोलवायची. आमच्या घराला तेवढाच एक मान, दुसरं काय सांगन्याजोगं न्हाई.

औंदा आदल्या दिशी म्हातारं म्हनलं, "अगं, हेडमास्तरला सांग, दुसरं कुनी बघा. हात इसरल्यात माजं."

"हात कुठं इसरत्यात व्हय?" मी खेकसले. "आपला गहिनीनाथ पोरीला घिऊन पुन्यावरनं खास येतोय. राजनंदिनीला सांगून ठिवलंय, आजोबा झेंडा बांधत्यात. आता माझं नाक कापू नगा."

खरं सांगते, मला दिसत हुतं. दोन म्हैनं झालं, त्यांच्या सदऱ्याची बटनं मीच लावत हुते. पन तोऱ्यात कोन ऐकतंय! हेडमास्तरनं इचारलं, "गोजरबाई, तात्यांना जमेल ना?" म्या म्हनलं, "न जमायला काय झालं?"

सकाळी इस्त्रीची टोपी घालून म्हातारं खांबाखाली बसलं. लई येळ लागला. झेंडा वर चढवला, सरपंचबाईंनी दोरी वढली. झेंडा खुलंना. परत वढली, तर गाठ अजून आवळली. दावनीला बैल बांधायची गाठ मारली हुती त्यांनी. जेवढं वढाल तेवढी घट्ट. रोज शाळा सुटल्यावर घरी येऊन जलमभर जनावरं सांभाळली, हातांना तेवढीच गाठ राहिली हुती. मागनं कुनीतरी हासलं. राजनंदिनीनं शूटिंगला धरलेला मोबाईल खाली केला.

झेंडा उतरवला. नव्या मास्तरनं नखानं गाठ उकलली आनि दुसरी मारली. आता खुलला, फुलं पडली, पोरांनी राष्ट्रगीत म्हनलं. म्हातारं ताठ उभं राहून सलाम करत हुतं आनि डोळ्यांतनं धारा लागल्या हुत्या.

घरी ताटात जिलेबी हुती, कुनी हात लावंना. "आई, तुला म्हाईत हुतं ना?" गहिनीनाथ म्हनला.

राजनंदिनी आजोबांपाशी सरकली. "आजोबा, पणजोबांची ती गाठ मला शिकवा ना."

मी लगबगीनं सुती नाडा आनून दिला. मला वाटलं, पोरीपायी तरी आठवंल. म्हातारं नाडा घिऊन बसलं. एक येढा घातला, काढला. परत घातला, परत काढला. मंग माझ्याकडं बघितलं, रागानं न्हाई.

"तुला येती का गं?"

पन्नास वर्सं या मानसाशेजारी बसले, पन ते हात काय करत्यात ते कधी बघितलंच न्हाई.

"न्हाई वो येत," म्या म्हनलं, आनि नातीसमोर हमसून हमसून रडले.