एका ओढीला एक काडतूस

दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आमच्याकडे कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही. शेजाऱ्याच्या फ्रीजरमधलं हरणाचं मांस आम्ही मागून खातो, त्याचा ट्रक न विचारता घेऊन जातो, पण त्याची काडतुसं नको म्हणतो, आणि त्यात कुणाला अपमानही वाटत नाही. आतली दारू कमी-जास्त पडली तर चूक भरणाऱ्याची होते आणि बोटं बार उडवणाऱ्याची जातात.

या नियमाला आमच्या गावात एकच अपवाद होता, माझा नवरा ऑरिन. रेल्वेत त्याच्याबरोबर रूळ तपासायला असलेला लीफ टॉलेफसन आयुष्यभर ऑरिनने भरलेलीच काडतुसं वापरत आला. शनिवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर आला की हात पुढे करायचा आणि म्हणायचा, “आण रे, माझा खाऊ.” ऑरिन डबा द्यायचा. लीफने तो कधी उघडून तपासला नाही.

त्याला कारण होतं. ऑरिनचा काडतुसं भरायचा जुना प्रेस म्हणजे एका वेळी एकच काम करणारं धूड. आधी सगळ्या रिकाम्या पितळी पुंगळ्या दाबून मापात आणायच्या, मग सगळ्यांच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, मग त्या लाकडी फळीवरच्या भोकांत उभ्या करून एकेकीत दारू घालायची. गोळी बसवण्याआधी ऑरिन विजेरी घेऊन फळीवर वाकायचा आणि प्रत्येक पुंगळीत डोकावायचा. मी चिडवायचे, “मला कधी इतकं निरखून बघितलं नाहीस.”

“तुझ्यात दारू किती ठासलीय ते न बघताच कळतं, व्हर्ना,” तो म्हणायचा. बरोबरच होतं त्याचं. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई आहे मी, माझा आवाज अजून बसमधल्या शेवटच्या बाकापर्यंत जातो.

मग त्याचा खांदा गेला. एका काडतुसासाठी किती वेळा दांडा ओढायचा! आमची मुलगी कर्स्टन स्पोकेनला असते, तिने वाढदिवसाला नवा प्रेस पाठवला. याच्यात गोल चकती असते. दांडा ओढला की चकतीवरची प्रत्येक पुंगळी एक घर पुढे सरकते. एकीला टोपी बसते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी ठेवायची, चौथीतली गोळी दाबली जाते, आणि पुढच्या घरातून तयार काडतूस टोपलीत पडतं. एका ओढीला एक काडतूस. लीफ तो बसवायला आला आणि दोघं म्हातारे एका स्क्रूवरून आख्खा रविवार भांडले. ऑरिन इतका खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

बरेच दिवस म्हणते, कारण वसंतापासून त्याचं काहीतरी बिघडत चाललं होतं. दूध कपाटात आणि कपबश्या फ्रीजमध्ये ठेवायचा. कर्स्टनला फोनवर एकदा आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. मला सगळं दिसत होतं आणि ते दिसल्याचा मला संताप येत होता.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मैदानावर बोचरा वारा होता. लीफ नेमाच्या लोखंडी पाट्यांसमोर उभा राहिला, हातात पिस्तूल, त्यात ऑरिनची नव्या प्रेसवरची काडतुसं. दोन पाट्या वाजल्या. तिसऱ्या वेळी नुसतं ‘फट्’ झालं. लीफने पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचून नळीत पुढचं काडतूस घेतलंसुद्धा, बोट चापावर गेलं, आणि माझ्या शेजारून ऑरिन ओरडला, “थांब! लीफ, थांब!”

लीफ थांबला. पिस्तूल रिकामं करून त्याने नळी उजेडाकडे धरली. आरपार काही दिसेना. पुंगळीत दारू नव्हतीच. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी निघाली होती आणि नळीत अडकून बसली होती. तिच्यामागून दुसरी गेली असती तर नळी फुटून लीफचा हात गेला असता. मैदानावर सगळ्यांना हे माहीत होतं.

“टोपी दमट असेल,” लीफ म्हणाला.

“टोपी चांगली होती,” ऑरिन म्हणाला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

घरी आल्यावर त्याने नव्या प्रेसवर भरलेली सगळी काडतुसं गोळी सुटी करायच्या खास हातोडीत घालून, ठोकून उघडली. मी त्याच्याजवळ बसले होते. एका पुंगळीत दारू नव्हती आणि एकीत दुप्पट होती. ती दुप्पटवाली त्याने तळहातावर घेतली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. काम मधेच थांबलं, कुणी हाक मारली, काही अडकलं, तर चकतीवरचं सगळं काढून पहिल्यापासून सुरू करायचं, हा नियम क्लबातल्या निम्म्या लोकांना त्यानेच शिकवला होता. पण तो पाळायला आपण मधे थांबलो होतो हे आठवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी लीफ येऊन दारातूनच बोलायला लागला. “त्या नव्या धुडाचं मला पहिल्या दिवसापासून काही खरं वाटत नव्हतं. काढून फेक ते. जुना प्रेस बसव. पुढच्या शनिवारी मला माझा डबा हवाय, कळलं का म्हाताऱ्या?”

“अजून माझी वापरणार तू?” ऑरिनने विचारलं.

“मग काय दुकानातली वापरू? मला काय कमी अक्कल आहे?”

लीफच्या या बोलण्यावर मी त्याला मिठीच मारणार होते. दोष यंत्राचा होता! यंत्र काढता येतं. ऑरिनने त्याच दुपारी नवा प्रेस बाकावरून उतरवला आणि जुना बोल्टांनी आवळून बसवला. खांदा दुखत होता तरी चेहरा सैल झाला होता.

मी कॉफी घेऊन गॅरेजमध्ये गेले तेव्हा तो विजेरी घेऊन फळीवर वाकला होता. एकेका पुंगळीत डोकावत होता, ओठांनी काहीतरी पुटपुटत होता, हात स्थिर होते. हाच माझा नवरा, मी मनात म्हटलं. उगाच जीव टांगणीला लावून बसले होते मी.

“सगळ्या सारख्या,” तो म्हणाला. “एकही चुकली नाही.”

“मी कधी चुकली म्हटलं?”

दारू मोजायच्या मापात उरलेली दारू डब्यात परत ओतायला त्याने हात पुढे केला आणि हात तिथेच थांबला. बाकावर दोन डबे होते. दोन्हींची झाकणं उघडी. एक पिस्तुलाच्या दारूचा, एक रायफलच्या, आणि दोन्हींतली दारू राखाडी, बारीक. एकीच्या जागी दुसरी पडली तर बंदूक फुटू शकते, म्हणून बाकावर एका वेळी एकच डबा असायचा, दुसरा कपाटातून बाहेर येत नसे. चाळीस वर्षांत मी तो नियम मोडलेला पाहिला नव्हता.

“व्हर्ना, मी यातली कुठली घातली?”

“मी आत्ता आले, ऑरिन.”

“तू बघितलं नाहीस?”

“नाही रे.”

त्याने दोन्ही डब्यांचा वास घेतला. मग माप हलवून बघितलं. मग विजेरी बंद केली. विजेरीने दारू किती आहे ते दिसतं, कुठली आहे ते दिसत नाही. त्याने फळीवरच्या सगळ्या पुंगळ्या एका घमेल्यात उलट्या केल्या, मापातलीही ओतली, आणि घमेलं मागच्या अंगणात नेऊन सगळी दारू गवतावर पसरली. गवताला खत म्हणून चालते ती. मी दारात उभी होते. मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

“कधीपासून चाललंय हे?” त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

“वसंतापासून.”

“कर्स्टनला माहीत आहे?”

“नाही.”

“लीफला आहे,” तो म्हणाला. “काल माझ्याकडे बघितलं ना त्याने, तेव्हाच कळलं त्याला. तरी गाढव डबा मागायला आलं.” मग तो वळला. “त्याला सांग, दुकानातली घे म्हणावं. आणि व्हर्ना, बंदुकांच्या तिजोरीचे आकडे बदल. आज. मला सांगू नकोस.”

“अरे, इतकं काही झालेलं नाही...”

“मी मागेन. भांडेन. तुला वाटेल ते बोलेन. तरी सांगायचे नाहीत.” मग थोडं हसून म्हणाला, “भांडणात तूच जिंकतेस नेहमी. तशीच जिंक.”

मी आत जाऊन आकडे बदलले. कुलपाच्या सूचनांचा कागद डोळ्यांपुढे नाचत होता, दोनदा चुकले. तो तोवर बाहेर थंडीत, घराकडे पाठ करून उभा होता.

त्यानंतर मी रोज त्या भांडणाची तयारी करत होते. काय बोलायचं, कुठे आवाज चढवायचा, कर्स्टनचं नाव कधी काढायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं.

एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस आले. एका सकाळी मी आत पाव भाजत होते आणि मागच्या खोलीतून बटणांची टिकटिक ऐकू आली. गेले तर ऑरिन तिजोरीसमोर उभा, अंगात शिकारीचं नारिंगी जाकीट, डोक्यावर लोकरी टोपी. आकडे दाबत होता, लाल दिवा लागत होता, पुन्हा दाबत होता.

“व्हर्ना, हे कुलूप उघडेना. लीफ येईल इतक्यात.”

मला माझं ठरवलेलं एकही वाक्य आठवेना. तो भांडत नव्हताच. घाबरला होता.

“मी आकडे बरोबर टाकतोय ना गं?” त्याने विचारलं आणि एकेक करून मला मोठ्याने म्हणून दाखवले. जुने आकडे, सगळे, क्रमाने.

“बरोबर आहेत,” मी म्हणाले. “एकही चुकला नाही.”

“नक्की?”

“नक्की, ऑरिन.”

त्याने केवढा तरी श्वास सोडला. “मला वाटलं माझंच डोकं गेलं,” तो म्हणाला आणि हसला. “मग हे कुलूपच भंगार. ज्याने विकलं त्याला फोन लाव आणि चांगलं झाप. तुला जमतं ते.”

मी फोन उचलला. नंबर लावला नाही. त्याच्यासमोर उभी राहून, बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात, मी त्या कुलूपवाल्याला झाप झाप झापलं, आणि माझा नवरा लोकरी टोपी काढून खुर्चीत बसून ते समाधानाने ऐकत राहिला.